पा साइ मचाण उतरली तेव्हा

पाक्चोंगच्या बाजारात कोंबडी भाजणाऱ्या बायका पुष्कळ, पण पा साइच्या तोंडाला लागायची टाप त्यातल्या एकीचीही नव्हती. नाव तिचं साइबुआ. वय झालं तशी ती सगळ्या बाजाराची पा, म्हणजे थोरली मावशी झाली. बांबूच्या चिमट्यात आवळलेली कोंबडी ती हाताने कोळशावर उलटीपालटी करायची आणि गिऱ्हाइकाला तोंडाने. कोंबडी करपलेली कधी कुणाला मिळाली नाही. गिऱ्हाईक मात्र थोडंफार भाजूनच घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं.

तिची मुलगी लामदुआन. हिचा नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती आईच्या दुकानात कच्च्या पपईची कोशिंबीर कुटत होती. लाकडी उखळात मिरची, लिंबू, मासळीचं पाणी, आणि वर मुसळाचे असे ठोके की शेजारच्या गल्लीतल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं. आई बोलायची आणि मुलगी कुटायची, असा तो संसार छान चालला होता. आणि चाळिशी उलटल्यावर या लामदुआनने लग्न करायचं काढलं.

माणूस कोण, तर थाविन. पाक्चोंग स्टेशनावर जन्मभर तिकिटं विकून घरी बसलेला विधुर. उंच, जरा वाकलेला, गळ्यात सदा दुर्बीण. सुट्टी मिळाली की डोंगरावर जाऊन पाखरं बघायची, हा त्याचा एकच नाद. नोकरी सुटल्यावर तो रोज दुपारी पा साइकडे अर्धी कोंबडी घ्यायचा आणि ती खायला अख्खी दुपार लावायचा. पा साइला वाटलं, दात नसतील बिचाऱ्याला. दात होते. एकेका घासामागे तो उखळाकडे बघत होता, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मग तिने सुरू केलं. आधी ज्योतिषाकडून आणलं की शनिवारी जन्मलेला पुरुष घरात आला की घराचं छप्पर गळतं. छप्पर आधीच गळत होतं, म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही. मग वर्षावास लागला. भिक्खू पावसाळ्याचे महिने विहारात बसतात तेव्हा लग्नं होत नाहीत, त्यामुळे तेवढे दिवस तिला आयतेच मिळाले. मग गुडघा दुखायला लागला. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. लामदुआन गेली तर संध्याकाळी चिकट भाताची टोपली मधे ठेवून बसायचं कुणासमोर, हे बाजारातल्या मांजरालाही कळत होतं.

वर्षावास संपला आणि थाविन आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन, हातात केळ्यांचा फणा धरून, रीतसर मागणी घालायला आला. तोही भर बाजारात, ऐन गर्दीच्या वेळी. बिचाऱ्याला वाटलं, लोकांसमोर ती नाही म्हणणार नाही. लोकांसमोरच तर ती रंगात यायची.

"पाखरं बघता म्हणे तुम्ही?" पा साइ म्हणाली.

"हो, पा."

"पाखरं माझ्या पत्र्यावरही बसतात. हागतातसुद्धा. ती बघायला डोंगरावर कशाला जायला लागतं?"

मासळीवाली फिस्सकन हसली. थाविनचे कान लाल झाले. "डोंगरावर धनेश असतात, पा. एवढाले."

"आणि थोरले?"

थोरले म्हणजे हत्ती. खाओ याय डोंगराच्या पायथ्याशी राहणारी माणसं रानातल्या हत्तीला हत्ती म्हणत नाहीत. नाव घेतलं की त्यांना वाटतं, आपल्याला बोलावलं.

"थोरलेही दिसतात, कधीकधी."

"ऐकलंत? कधीकधी!" पा साइने चिमटा कोळशावर आपटला. "मग असं करू या. मला न्या तुमच्या रानात. पायी. गाडीतून दिसलेला मी धरणार नाही, गाडीतून तर दारुड्यालाही दिसतो. एका दिवसात मला थोरले दाखवलेत, तर पाण्यात दिवे सोडायच्या पुनवेआधी मी तुम्हा दोघांच्या हातांवर लग्नाचं पाणी ओतेन. नाही दाखवलेत, तर ही गोष्ट माझ्या शेगडीपुढे पुन्हा काढायची नाही."

मुसळाचे ठोके थांबले. लामदुआन मान वर करून म्हणाली, "ठरलं. दिसले नाहीत तर मी पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही. पण दिसले तर तू गुडघ्याचं नाव काढायचं नाहीस."

मासळीवालीने हातातला सुरा खाली ठेवला, कारण लामदुआनचा शब्द काय असतो ते सगळ्यांना माहीत होतं. एकदा ती म्हणाली होती की दारू पिऊन येणाऱ्या मामाला आपण ताट वाढणार नाही. मामा मेला तेव्हाच तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. असल्या मुलीने सगळ्यांदेखत शब्द टाकला म्हणजे तो पडलाच. थाविनच्या बहिणीने केळी घाईघाईने शेगडीजवळ ठेवली आणि ती दोन पावलं मागे सरकली.

जायचा दिवस आला. गाडी लामदुआनने चालवली, कारण थाविनचा जन्म रेल्वेत गेला आणि त्याला सायकलीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. "म्हणजे रानातून पळायची वेळ आली तर बायको पळवणार आणि हे मागे बसून पाखरं बघणार," पा साइ मागच्या बाकावरून म्हणाली. थाविन नुसता हसला. हा माणूस चिडतच नाही, याचा तिला फार राग होता.

चढाच्या सुरुवातीला डोंगरबाबाचं ठाणं लागतं. तिथे लामदुआनने रिवाजाप्रमाणे भोंगा वाजवून नमस्कार केला आणि ती पुढे निघणार, तोच पा साइ ओरडली, "थांब. मला उतरायचंय. एकटीला." उदबत्त्या आणि फुलांची माळ तिने पदरची आणली होती. लाल सोड्याची बाटली, नळी खोचून, तिने ओट्यावर ठेवली आणि गुडघा दुखतो म्हणत होती, तरी चक्क गुडघे टेकले.

"बाबा, मी साइबुआ, कोंबडीवाली. आज तुझी सगळी जनावरं बाहेर काढ. सांबरं काढ, माकडं काढ, साप काढ. त्या तिकीटवाल्याच्या अंगावर काढलीस तरी चालतील. फक्त थोरल्यांना आत ठेव. संध्याकाळपर्यंतच. एवढं केलंस तर मी तुला डुकराचं मुंडकं उकडून आणीन, आणि त्याच्याबरोबर अंडी."

लोक नवस बोलतात ते मुलगी उजवावी म्हणून. उजवू नये म्हणून नवस बोलणारी बाबाने ही पहिलीच पाहिली असेल. बाटलीतला लाल सोडा होता तेवढाच राहिला, पण पा साइला वाटलं की थोडा कमी झाला. समाधानाने ती उठली. तिच्यामागून लामदुआन गेली आणि डोळे मिटून बराच वेळ बसली.

"काय मागितलंस एवढं?" गाडीत बसताना आईने विचारलं.

"तू काय मागितलंस?"

"माझ्या गुडघ्याला आराम."

"मीही तुझ्या गुडघ्यासाठीच," लामदुआन म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.

गाडी ठेवून पायवाटेला लागायच्या आधी थाविनने पिशवीतून कापडी मोजे काढले, गुडघ्यापर्यंत येणारे, वरून नाडीने बांधायचे. पावसाळा नुकताच सरला होता आणि रानात पानापानावर जळू उभी होती. त्याने एक जोड लामदुआनला दिला, एक पा साइपुढे धरला.

"मला नको. माझं रक्त पिऊन जळूच मरेल," पा साइ म्हणाली. तंबाखूचं पाणी पायांना चोळून ती पुढे झाली. पहिल्या ओढ्यापर्यंत ते पाणी धुऊन गेलं, आणि ओढ्याच्या पलीकडे तिच्या पोटऱ्यांवर जळवांची वरात लागली. थाविनने मागून चुपचाप मोज्यांचा जोड पुन्हा पुढे केला. तिने तो हिसकावून घेतला आणि म्हणाली, "थंडी वाजायला लागली म्हणून घालतेय."

रान मोठं होतं आणि ओलं होतं. झाडांची मुळं भिंतीसारखी उभी होती, वर बघावं तर मान मोडेपर्यंत झाडच. पा साइ जन्मली डोंगराच्या पायथ्याशी, पण आत अशी कधी आली नव्हती. कोंबड्यांतून तिला वेळ कुठला! मधेच वरून हाका सुरू झाल्या. एक आवाज लांबलचक चढत जायचा आणि दुसरा खालून त्याला उत्तर द्यायचा.

थाविन थबकला. "लांब हातांची वानरं. जोडीने राहतात, पा. सकाळी दोघं मिळून गातात."

"नवराबायको सकाळी सकाळी एकमेकांवर ओरडतात, ते ऐकायला एवढं वर यायचं? आमच्या गल्लीत या."

लामदुआनला हसू आवरलं नाही. पा साइला बरं वाटलं, आणि मग मुलगी आपल्याकडे नाही, त्याच्याकडे बघून हसतेय हे दिसल्यावर तेवढंच वाईट वाटलं.

पुढे धनेश आले. आधी दिसले नाहीत, नुसता आवाज आला, मालगाडी चढ चढताना करते तसा, घुस्स घुस्स. झाडांच्या वरून काळीपांढरी, पिवळ्या चोचीची, बकरीएवढी वाटावी अशी पाखरांची जोडी गेली. तिकीटवाल्याचं तोंड उघडं पडलं. दुर्बीण डोळ्याला लावायचंही तो विसरला. मग त्याने सांगितलं की अंडी घालायच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत बसते, दार चिखलाने लिंपून घेते आणि नर तिला फटीतून भरवतो.

"कोंडतो होय तिला!" पा साइ कडाडली. "ऐकलंस लामदुआन? हे बघून बघून शिकलेत हे."

"तो कोंडत नाही, पा. दार तीच लिंपते, आतून."

"आणि तो रोज आणून भरवतो, तेही ऐक ना आई," लामदुआन म्हणाली.

पा साइने पायावरची जळू झटकल्यासारखं केलं.

वाटेच्या वळणावर लीद पडली होती. टोपलीएवढे गोळे, आणि त्यातून वाफ निघत होती. थाविनने वाकून गोळ्यावर पालथा हात धरला आणि कुजबुजला, "ताजी आहे. पुढेच असणार." लामदुआनचा चेहरा उजळला. पा साइ मात्र झाडाआड वळून हात जोडून पुटपुटत होती, "बाबा, हे काय चाललंय? मुंडकी दोन आणीन म्हणते." जरा पुढे चिखलात पाऊल उमटलेलं दिसलं, त्यात अजून पाणी भरायचं होतं. तिने नवसात केळी घातली. बांबूचं बेट मोडून पडलेलं दिसलं, त्यावरचा पाला ओला हिरवागार होता. तिने नाचणाऱ्या पोरींचा ताफा कबूल केला. असं करत करत गवताळ माळ येईपर्यंत ती बाबाला एवढं देऊन बसली होती की त्यात लामदुआनचं लग्न दणक्यात झालं असतं.

माळाच्या कडेला मचाण होतं. लाकडी, उंच, जिना असलेलं. समोर खारट मातीचं डबकं. तिथे जनावरं माती चाटायला येतात. चौकीवरच्या रखवालदाराने बजावलं होतं की ऊन उतरायच्या आत परत गाडीपाशी यायचं. तिघं वर चढली आणि थाविनने ओठांवर बोट ठेवलं.

आता पा साइला गप्प बसायला सांगणं म्हणजे ओढ्याला वाहू नको म्हणण्यासारखं. थोडा वेळ ती बसली. मग कुजबुजत म्हणाली, "भूक लागलीय का कुणाला?" दोघांनी माना हलवल्या. मग म्हणाली, "चिकट भात गार झाला की दगड होतो." मग म्हणाली, "मी काही बोलत नाहीये." सांबरांचा कळप आला, माती चाटून गेला. भेकर आलं. कसलंसं रानमांजर गवतातून डोकं काढून गेलं. बाबाने सांगितलेलं सगळं बाहेर काढलं होतं, आणि नको म्हटलेलं आत ठेवलं होतं. पा साइने मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली.

ऊन कललं. पहाटेच उठून, गाडी हाकून आलेली लामदुआन डोक्यावरची टोपी तोंडावर घेऊन फळीवर आडवी झाली आणि तिला झोप लागली. झोपेतही तिची मूठ आवळलेली होती. थाविन पलीकडच्या कोपऱ्यात दुर्बीण लावून बसला होता आणि दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघत होता. घड्याळाकडे बघताना त्याचा चेहरा जसा उतरायचा तसा पाखराकडे बघताना चढत नव्हता, हे पा साइने पाहिलं. पण तिला आता त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. सकाळपासून ओढ्याचं एवढं पाणी प्यायली होती, त्याचा आता हिशोब द्यायची वेळ आली होती.

ती गुपचूप जिना उतरली. मचाणामागे उंच गवत होतं, तिथे शिरली. रानात असं कुठेही बसायचं नसतं. जागेचा कुणीतरी मालक असतो, त्याची परवानगी घ्यायची असते. तिने डोळे मिटले, हात जोडले आणि अदबीने म्हणाली, "मालक, तुमच्या जागेत बसतेय. नाइलाज आहे. जरा तिकडे तोंड करा." मग कमरेचा सारोंग वर घेऊन ती बसली, आणि तिने डोळे उघडले.

मालक समोर उभे होते.

मालकीणच होती ती. राखाडी भिंत उभी राहावी तशी, गवतातून, काडीचाही आवाज न करता आलेली. तिच्या पोटाखालून एक पोर डोकावत होतं, त्याच्या डोक्यावर ताठ केस. हत्तिणीने कान पसरले, सोंड उचलली आणि हवेत प्रश्न विचारल्यासारखी वाकवून पा साइच्या दिशेने धरली. त्या सोंडेचं टोक ओलं होतं. त्यावरची माती पा साइला दिसत होती.

पा साइला उठता येईना. गुडघा खरोखरच दुखत होता, पहिल्यांदाच. ओरडावं तर तोंडातून शब्द येईना, आणि हेही पहिल्यांदाच. तिने बसल्या बसल्या हात जोडले. एवढंच तिला सुचलं.

मग मागे गवत सळसळलं. "पा साइ," आवाज आला, अगदी हळू. "हलू नका. मी येतोय. मी बघत नाहीये."

आणि थाविन आला तो खरोखरच न बघता. हत्तिणीकडे तोंड आणि पा साइकडे पाठ करून, खेकड्यासारखा आडवा आडवा सरकत. तो दोघींच्या मधे येऊन उभा राहिला. त्याच्या पँटच्या घड्या हललेल्या पा साइला खालून दिसत होत्या. हत्तीण गुरगुरली. कानाने ऐकू यावं त्याहून जास्त ते छातीत जाणवलं. थाविनने हात मागे केला, पंजा उघडा.

"कपडे नीट झाले की हात धरा," तो समोर बघत म्हणाला. "घाई नाही."

घाई नाही म्हणे! पा साइने सारोंग कसाबसा आवळला आणि तो हात धरला. एकेक पाऊल मागे टाकत, तो तिच्याकडे एकदाही न वळता, दोघं जिन्यापर्यंत आली. पोराने दोन पावलं पुढे टाकली तशी हत्तिणीने सोंडेने त्याला मागे ओढलं, अगदी बाजारात आया ओढतात तसं. ती डबक्याकडे वळली. दोघंही वर चढून, फळीवर टेकून, एकमेकांकडे न बघता तिच्याकडे बघत राहिली. तिने पायाने माती उकरली, चाटली, पोराच्या अंगावर चिखल फेकला. मग जशी आली तशी रानात मिटून गेली.

तेवढ्यात लामदुआन उठून बसली. "काही आलं होतं?"

पा साइने थाविनकडे पाहिलं. आता हा बोलणार. सगळं बोलणार, आणि उद्या मासळीवालीपासून भिक्खूंपर्यंत सगळ्यांना कळणार की साइबुआला थोरल्यांनी कुठल्या अवस्थेत गाठलं. थाविनने दुर्बिणीची काच सदऱ्याने पुसली.

"खंड्या आला होता," तो म्हणाला. "निळा. छान होता."

लामदुआनने आईकडे पाहिलं. आई भात बांधून आणलेल्या केळीच्या पानाची घडी घालत होती. "बरं," लामदुआन म्हणाली. तिने टोपी डोक्यावर घातली, भाताची टोपली उचलली. "ऊन उतरलं. चला."

परतीच्या वाटेवर ती पुढे चालली, आणि एकदाही मागे वळली नाही. ओढा ओलांडताना रोजच्या सवयीने तिने आईसाठी हात मात्र मागे केला. पा साइ जिंकली होती. जिंकल्यावर माणसाने जरा तरी मिरवावं, पण तिला मिरवावंसं वाटेना. चालता चालता ती मागे राहिली आणि थाविनला गाठून कुजबुजली, "अहो खंड्यावाले."

"काय, पा?"

"बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? कुठे दिसले म्हणून विचारलं असतं. मग पा तिथे काय करत होत्या म्हणून विचारलं असतं."

"आणि लग्न?"

"लग्नाचं वाईट वाटतंच," तो म्हणाला. "पण ती गोष्ट बाजारात गेली असती, तर तुम्ही उद्यापासून कोंबडी कुठे विकली असती?"

ज्या बाजारात पोटातली गोष्ट दुपारपर्यंत टिकली तर शिळी झाली म्हणतात, तिथे तिचं आयुष्य गेलं होतं. स्वतःचा संसार मोडला तरी तोंड न उघडणारा माणूस तिने पाहिला नव्हता. नवरासुद्धा तसा नव्हता, देव त्याला सुखी ठेवो, तो तर झोपेतही बोलायचा. आणि दुसरी एक गोष्ट होती, ती तिला जास्तच टोचत होती. पाक्चोंगच्या सबंध बाजारात थोरल्यांच्या सोंडेवरची माती कुणी पाहिली होती? साइबुआने पाहिली होती. जन्मात एकदा सांगण्यासारखं काही घडलं, आणि ते आता सांगायचं नाही? मासळीवाली उद्या म्हणणार, काय पा, रानात जाऊन रिकाम्या हाताने आलीस? आणि साइबुआने तिथे मान खाली घालायची?

गाडीपाशी पोचल्यावर लामदुआनने दार उघडलं. थाविनला म्हणाली, "थाविन, तुम्हाला घरी सोडते. यापुढे दुपारी कोंबडी दुसरीकडे खा. मला शब्द मोडता येत नाही, आणि तुम्ही समोर बसलात तर..."

"थांब," पा साइ म्हणाली.

"काय आई? गुडघा?"

"गुडघ्याला आग लागो. आले होते."

"कोण?"

"कोण म्हणजे? थोरले! बाई होती. पोर घेऊन आली होती. तू झोपली होतीस उताणी घोरत. इथे, या एवढ्या अंतरावर!" तिने हात पुढे केला तो लामदुआनच्या नाकाला लागला. "पायी बघितलं मी. जमिनीवर उभी राहून. माझ्या डोळ्यांत डोळे घालून उभी होती ती. मी जराही हलले नाही. विचार यांना."

लामदुआन थाविनकडे वळली. थाविन पा साइकडे बघत राहिला.

"आता तरी तोंड उघडा की हो!" पा साइ ओरडली. "गरज नसते तेव्हा वानरांचे संसार सांगता!"

"खरं आहे," थाविन म्हणाला. "जराही हलल्या नाहीत."

"मग मघाशी खंड्या का म्हणालात?"

तो गोंधळला. पा साइच मदतीला धावली. "खंड्याही होता. आधी खंड्या आला, मग ती आली. क्रमाने सांगत होते ते. तू पुढचं ऐकायला थांबलीस कुठे?"

"आणि आई, तू मचाणावरून खाली कशाला उतरली होतीस?"

"पाला खुडायला."

"कसला पाला?"

"कडू पाला असतो," थाविन म्हणाला. "डबक्याच्या कडेला येतो. बसून खुडावा लागतो."

"उभ्याने!" पा साइ गरजली. "उभ्याने खुडला मी."

"उभ्याने," थाविनने लगेच मान्य केलं. "त्या उभ्याच होत्या."

लामदुआनने आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सारोंगची गाठ भलत्याच बाजूला होती, मागच्या बाजूला चिखल आणि कुसळं होती, आणि हातात पाल्याची काडीही नव्हती. तिने गाडीच्या दाराला पाठ टेकली आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते थांबेना, तेव्हा पा साइने घाईघाईने दुसरीकडे बघितलं.

"हसतेस काय? दिवे सोडायची पुनव डोक्यावर आलीय. विहारात जाऊन दिवस कुणी विचारायचा, मी? माझा गुडघा..." ती अडखळली. "माझा गुडघा उत्तम आहे, मी जाईन. पण मुहूर्त सकाळचा घ्यायचा, सांगून ठेवते. दुपारी कोंबडी असते. आणि लग्न झालं तरी उखळ माझ्याच दुकानात राहील. ज्याला कोशिंबीर हवी त्याने तिथे येऊन राहावं. माझ्या घराला दोन खोल्या आहेत. छप्पर गळतं एवढंच."

"मला छपरावर चढता येतं, पा," थाविन म्हणाला.

"चढालच. वर पाखरं असतात ना."

तिघं गाडीत बसली. चढ उतरून गाडी खाली येईपर्यंत पा साइ मागच्या बाकावर ओठ हलवत होती. उद्या बाजारात सुरुवात कुठून करायची, ते ती ठरवत होती. लीदेपासून करावी की ओढ्यापासून? शेवटी तिने पुढे वाकून थाविनच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"अहो, सुळे होते ना तिला?"

"मादीला नसतात, पा."

"बाजारात असतील."

थाविनने जरा विचार केला. "बाजारात असतील," तो म्हणाला. "केवढे?"